स्थौल्यचिकित्सेतील ‘गुरु व अपतर्पण’ आहार : स्वयंपाकघरातील विचार

स्थूल रुग्णास पथ्य सांगताना बहुतेक वैद्य जे वर्ज्य आहे त्याचीच यादी देतात. भात बंद, साखर बंद, तळलेले बंद, रात्रीचे जेवण शक्यतो बंद. रुग्ण ही यादी घेऊन घरी जातो, दहा-बारा दिवस निष्ठेने पाळतो आणि तिसऱ्या आठवड्यात भूक असह्य झाल्याने पूर्वीपेक्षाही अधिक खाऊ लागतो. पुन्हा चिकित्सालयात येतो तेव्हा वजन होते तेवढेच असते. खचला असतो तो त्याचा विश्वास. आपल्याकडे याचा दोष रुग्णाच्या मनोनिग्रहास देण्याची प्रथा आहे. आमच्या मते तो दोष पथ्ययोजनेचा आहे, आणि ही गोष्ट चरकाचार्यांनी आधीच ओळखली होती.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या, अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूलाचे जे आठ दोष सांगितले आहेत, त्यांत अतिक्षुधा व अतितृष्णा ही दोन आहेत. मेदाने स्रोतसे अवरुद्ध झाल्यामुळे वायू कोष्ठातच संचार करू लागतो, अग्नीस प्रदीप्त करतो, आणि घेतलेला आहार शीघ्र जिरून पुन्हा आहाराची इच्छा उत्पन्न होते. म्हणजे स्थूल मनुष्य भुकेला असतो ही संप्राप्तीच आहे. त्यास केवळ हावरेपणा म्हणून चालणार नाही. अशा रुग्णास नुसते उपाशी ठेवले तर अग्नी व वायू यांना अधिकच रान मोकळे होते. म्हणूनच त्याच अध्यायात स्थूलासाठी गुरु आणि अपतर्पण असा आहार सांगितला, तर कृशासाठी लघु आणि संतर्पण. विद्यार्थिदशेत हे सूत्र आपण सर्वांनी पाठ केले. परंतु गुरु असूनही अपतर्पण असे अन्न ताटात नेमके कोणते, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. चक्रपाणिदत्तांनी टीकेत मधाचे उदाहरण दिले आहे : गुरुत्वामुळे तो वाढलेल्या अग्नीला पुरून उरतो आणि अपतर्पणत्वामुळे मेद कमी करतो. उदाहरण उत्तम आहे, पण मधाने कोणाचे जेवण होत नाही.

आधुनिक आहारशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर पोट भरणारे, दीर्घकाळ तृप्ती देणारे, प्रथिनांनी संपन्न परंतु उष्मांकांनी अल्प असे भोजन ते हेच. दोन्ही शास्त्रांतील संज्ञा एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत हे आम्ही जाणतो. गुरुत्व म्हणजे प्रथिन नव्हे, व अपतर्पण म्हणजे केवळ उष्मांकांची घट नव्हे. तथापि स्थूलासाठी चरकांनी दिलेली द्रव्यांची सूची पाहिली तर योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. प्रशातिका, प्रियंगू, श्यामाक, यव, जूर्णाह्व (आपली ज्वारी), कोद्रव ही रूक्ष तृणधान्ये, त्यांच्या जोडीला मूग, कुळीथ, तूर ही शिंबीधान्ये, सोबत पडवळ व आवळा, अनुपान मधूदक. कोंड्यासहित धान्य, डाळ आणि जलांश अधिक असलेली फळभाजी असे हे ताट आहे. त्यात तूप-तेल, गूळ व उडीद नाहीत. उडीद तर पंचविसाव्या अध्यायात शिंबीधान्यांतील अपथ्यतम ठरविला आहे आणि मूग पथ्यतम.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारमूल्यकोष्टकांतील जुने-नवे आकडे थोडेफार वेगळे आहेत. व्यवहारासाठी स्थूलमान पुरे. १०० ग्रॅम कच्च्या मूगडाळीत सुमारे ३५० उष्मांक व २४ ग्रॅम प्रथिने, कुळथात ३२० व २२, मटकीत ३३० व २३ ते २४, तूरडाळीत ३३५ व २२. ज्वारीत ३५० व १०, तांदळात ३४५ व जेमतेम ७. साबुदाण्यात ३५० उष्मांक आणि प्रथिने जवळजवळ शून्य. आठवड्यातून दोन उपवास करूनही वजन उतरत नाही अशी तक्रार करणाऱ्या भगिनींना हा शेवटचा आकडा अवश्य सांगावा. त्यावर दाण्याचे कूट व तूप पडते ते वेगळेच. उपवासच करावयाचा तर श्यामाक, म्हणजे आपला सावा, भगरीच्या रूपाने घरात असतोच, आणि तो चरकांच्या सूचीतील आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. धान्य आणि डाळ यांचे कच्चे उष्मांक जवळपास सारखेच आहेत. फरक पडतो तो प्रथिनांत आणि शिजताना ते किती पाणी धरते यात. साठ ग्रॅम मूगडाळीचे घट्ट कढण तीन वाट्या भरते. तेवढ्याच वजनाच्या पिठाच्या दोन पोळ्या होतात. उष्मांक दोन्हींकडे दोनशेच्या आसपास. तृप्ती मात्र सारखी नाही.

सामान्य मध्यमवर्गीय घरातील रात्रीचे जेवण घेऊ. तीन पोळ्या, वाटीभर भात, बटाट्याची भाजी, त्यावर पातळ वरण. नव्वद ग्रॅम कणीक, पन्नास ग्रॅम तांदूळ, पंधरा ग्रॅम डाळ, शंभर ग्रॅम बटाटा आणि पोळ्या-भाजी मिळून चार चमचे तेल धरले तर हिशेब आठशे उष्मांकांच्या घरात जातो. प्रथिने एकोणीस ग्रॅम. आता दुसरे ताट. तीस ग्रॅम पिठाची लहान भाकरी, साठ ग्रॅम मूगडाळीचे कढण, दीडशे ग्रॅम मेथीची वाफवलेली भाजी, एकूण दीड चमचा तेल आणि पेलाभर साय काढलेल्या दुधाचे ताक. उष्मांक सुमारे ४८०, प्रथिने पंचवीस ग्रॅम. दुसरे ताट पाहताना भरलेले दिसते, खाण्यास वेळ अधिक लागतो आणि रात्री अकरा वाजता फरसाणाचा डबा उघडण्याची वेळ येत नाही. आम्ही रुग्णांना हीच दोन ताटे कागदावर काढून दाखवितो. उष्मांकांचे व्याख्यान देण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होतो असा आमचा अनुभव आहे.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढास दररोज प्रत्येक किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरेसे आहे. स्थूल व्यक्तीच्या बाबतीत हा हिशेब तिच्या प्रत्यक्ष वजनावर न करता तिच्या उंचीस योग्य अशा वजनावर करावा. साठ किलो योग्य वजन असलेल्यास पन्नास ग्रॅम. वजन उतरविण्याच्या काळात प्रथिन त्याहून कमी पडले तर मेदाबरोबर मांसही झडते, रुग्ण काट्यावर हलका होतो पण जिना चढताना त्याच्या मांड्या थरथरतात. साठीच्या पुढील रुग्णांत हे विशेष जपावे. मेद कमी करताना मांसधातूचे रक्षण करणे हे आपल्याच शास्त्राचे काम आहे.

मूग, कुळीथ व संस्कार

द्रव्य योग्य निवडले तरी संस्कार चुकला तर पथ्याचे अपथ्य होते. मूगडाळ कोरडी, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजावी. भाजल्याने ती लघु होते व कढणास चव येते. मग धुऊन गरम पाणी घालून शिजवावी आणि पळीने घोटावी. कढणास दाटपणा डाळीनेच यावा. त्यासाठी पीठ लावू नये व खोबऱ्याचे वाटण घालू नये. दुधी, पडवळ, दोडका यांपैकी एक भाजी डाळीच्या तिप्पट वजनाची त्यातच शिजवली तर कढण दुप्पट होते आणि उष्मांक तीस-पस्तीसच वाढतात. दुधीच्या शंभर ग्रॅममध्ये जेमतेम बारा ते पंधरा उष्मांक असतात. यूषाचे कृत व अकृत असे दोन प्रकार आपण शिकलो आहोत. स्नेह, लवण व कटुद्रव्यांनी संस्कारित तो कृत, त्यांविरहित तो अकृत. कडक अपतर्पणात अकृत यूष शास्त्रोक्त खरा, परंतु महिनोन्‌महिने अळणी, फोडणीविना कढण कोणी पीत नाही. आम्ही मध्यममार्ग घेतो : चार माणसांच्या कढणास लोखंडी पळीत दोन चमचे तेल, त्यात जिरे, हिंग, ठेचलेला लसूण, हळद व कढीपत्ता, ती पळी शेवटी कढणात बुडवावी. फोडणी आधी घालून त्यात डाळ परतली की तेलाचे प्रमाण नकळत दुप्पट होते, कारण गृहिणी भांड्याचा तळ पाहून तेल ओतते.

पालेभाजीसाठी आपल्या आज्या वापरीत तीच युक्ती सांगावी. कढईवर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी ओतावे. भाजी स्वतःच्या रसात व वाफेवर शिजते, करपत नाही, तेल अर्धा चमचा पुरते. मेथी, शेवग्याचा पाला, चाकवत या भाज्यांत भिजवलेली मूगडाळ मूठभर टाकली तर मोकळी, दाणेदार भाजी होते व प्रथिनांची भर पडते. शेवग्याच्या पाल्यात तर शंभर ग्रॅमला सहा ग्रॅमहून अधिक प्रथिन आहे. पालेभाजीच्या मानाने ते पुष्कळच. झाड दारात, आणि शेंगा तेवढ्या काढून पाला गुरांना घालण्याची पद्धत अजूनही अनेक गावांत दिसते.

कुळीथ हा उष्ण, कषाय, कफवातघ्न. स्थौल्यात त्याचे स्थान मुगाच्या बरोबरीचे. कोकणात कुळथाची पिठी, कुळथाचे सार, घाटावर शेंगोळी. चाळीस ग्रॅम कुळथाच्या पिठाची पिठी दोन माणसांना सहज पुरते, आणि संपूर्ण पिठात सव्वाशे-एकशेतीस उष्मांक व नऊ ग्रॅमच्या आसपास प्रथिने. अडचण पिठीत नाही, तिच्याखाली येणाऱ्या भाताच्या डोंगरात आहे. पिठी भाकरीबरोबर वा वाटीत घेऊन चमच्याने खाण्यास सांगावे. आमसुलाचे आगळ घातलेले पातळ सार जेवणाच्या आरंभी एक वाटी घेतले तर पुढचा घास आपोआप कमी होतो. परंतु कुळीथ सरसकट देऊ नये. रक्तपित्त, अम्लपित्त, अत्यार्तव असलेल्यांस तो मानवत नाही. शुक्रनाशक म्हटला असल्याने अपत्यार्थी दांपत्यासही आम्ही तो नित्य देत नाही. तेथे मूग बरा.

गोव्याकडील व मालवणातील मुगागाठीसारखा पदार्थ मुळात उत्कृष्ट आहे. भिजवून, सोलून, शिजवलेले मूग ते हेच. त्यातील नारळ मात्र मोजून घालावा. ओल्या नारळाच्या शंभर ग्रॅममध्ये चारशेहून अधिक उष्मांक असतात. नारळ अजिबात नको म्हणून सांगितले तर त्या घरात आपले पथ्य पहिल्याच दिवशी मोडते. दोन चमचे खोवलेले खोबरे वरून भुरभुरावे, वाटण घालू नये, एवढे सांगितले की मान डोलावतात.

मोड आलेल्या कडधान्यांचे काय

गेल्या काही वर्षांत सकाळी वाटीभर कच्ची मोड आलेली मटकी खाण्याची लाट आली आहे. मोड आल्याने क जीवनसत्त्व वाढते, फायटेट व प्रथिन-पचनास अडथळा करणारी द्रव्ये कमी होतात, हे सत्य आहे. परंतु सुश्रुताचार्यांनी विरूढ धान्य विदाही, गुरु, विष्टंभी व दृष्टीस अहितकर म्हटले आहे, हेही विसरता येणार नाही. कच्च्या मोडांनी पोट डब्ब होणारे, दुपारपर्यंत ढेकरा देणारे रुग्ण आपल्या सर्वांच्या चिकित्सालयांत येतात. त्यातून पावसाळ्यात दमट फडक्यात जंतूंची वाढ मोडांइतकीच जोमाने होते. आमची सूचना अशी : मोड बारीकच काढावेत, भिजवलेले पाणी टाकून द्यावे, वाफवून किंवा शिजवून हिंग, सुंठ, ओवा यांसह द्यावेत. भुकेच्या तक्रारीवर गुरुत्व हाच येथे गुण ठरतो. मात्र अग्निमांद्य असलेल्या स्थूलास (असेही स्थूल असतात, सर्वांचाच अग्नी तीक्ष्ण नसतो) आधी दीपन-पाचन व भाजलेल्या मुगाचे पातळ कढण, मग आठ-दहा दिवसांनी अखंड कडधान्य असा क्रम ठेवावा. गुरु द्रव्य पोटभर न खाता तृप्तीच्या अर्ध्या वा तिसऱ्या भागापर्यंतच घ्यावे, हा मात्राविचार येथेही लागू आहे.

सोयाबीनविषयी हमखास विचारणा होते. विदर्भ-मराठवाड्यात शेतेच्या शेते सोयाबीनची असली तरी ते आपल्या स्वयंपाकघरात रुजले नाही. अखंड सोयाबीनमध्ये त्रेचाळीस टक्के प्रथिन आहे, पण उष्मांकही चारशेतीस. तेल काढलेल्या सोयावडीत स्नेह अत्यल्प व प्रथिन पन्नास टक्क्यांच्या आसपास. संहितांत हे द्रव्य नाही. अनुक्त द्रव्य म्हणून त्याचा विचार गुण-कर्मावरूनच करावा लागेल. ते गुरु व विष्टंभी आहे असे आम्ही मानतो. आठवड्यातून दोनदा, वडी गरम पाण्यात भिजवून पिळून, भरपूर आले-लसणासह द्यावी. रोज नको.

ताकाविषयी थोडा भ्रमनिरास करणे प्राप्त आहे. तक्र स्थौल्यात पथ्यच. पचन सुधारते, तहान भागवते, जेवणास भर देते. परंतु नेहमीच्या पातळ ताकात शंभर मिलिलिटरला एक ग्रॅमही प्रथिन नसते. ताक प्यायलो म्हणजे प्रथिन मिळाले, असे रुग्णास वाटू देऊ नये. साय काढलेल्या दुधाचा चक्का प्रथिनसंपन्न असला तरी दधिगुण, म्हणजे गुरु व अभिष्यंदी. कफप्रधान रुग्णास, विशेषतः रात्री, तो आम्ही देत नाही.

मांसाहारी रुग्णाचे काम तुलनेने सोपे. त्वचा काढलेल्या कोंबडीच्या मांसात शंभर ग्रॅमला एकशेदहा उष्मांक व पंचवीस ग्रॅम प्रथिन. कोळंबीत नव्वद व एकोणीस. नुकसान करतो तो रश्शावरचा तवंग आणि माशास लावलेला रवा. मासे केळीच्या पानात वाफवावेत, किंवा आंबट तिखट पातळ कालवण करावे.

तेलाचा व मधाचा हिशेब

किती तेल खाता, या प्रश्नास ‘फार नाही’ हे एकच उत्तर मिळते. त्याऐवजी महिन्याला घरात तेल किती लिटर येते व खाणारी माणसे किती, हे विचारावे. चार माणसांत चार लिटर म्हणजे प्रत्येकी दिवसाला सुमारे तीस ग्रॅम, अर्थात २७० उष्मांक, आणि बाहेरचे खाणे त्यात नाही. हा आकडा ऐकून रुग्णाची पत्नी त्याच्याकडे पाहते व रुग्ण छताकडे. पुढच्या महिन्यात तीन लिटर आणावे, एवढीच सूचना पुष्कळ काम करते.

गरम पाण्यात मध घालून पिण्याची सवय तर घरोघरी आहे. उष्ण मध निषिद्ध, पाणी निवलेले हवे. आणि दर चमच्याला वीस उष्मांक असतात हे दिवसातून चार वेळा पिणाऱ्यास सांगावे. मधुमेह्यास मधूदक देताना विशेष विचार हवा.

मधुमेहाचीच आणखी एक गोष्ट, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. जो रुग्ण इन्शुलिन किंवा रक्तशर्करा उतरविणाऱ्या गोळ्या घेत आहे त्याचा भात-पोळीचा भाग आपण एकाएकी निम्म्यावर आणला तर शर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. घाम, थरथर, भ्रम, मूर्च्छा. आहार बदलण्यापूर्वी त्याच्या चिकित्सकाशी बोलून औषधाची मात्रा ठरवून घेतल्याखेरीज हे ताट देऊ नये. तसेच वृक्कविकार असलेल्यांत प्रथिन वाढविणे घातक ठरते. क्रिएटिनिन पाहिल्याशिवाय सल्ला देऊ नये. गर्भिणी व सूतिका यांना हे पथ्य नाहीच.

औषधालयचालकांसाठी

आपल्या औषधालयांच्या फळीवर प्रथिनांच्या भुकटीचे डबे दिसू लागले आहेत व त्यांची विक्री चूर्ण-वट्यांपेक्षा वेगाने होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी अशी पूरके घेणे टाळावे असे म्हटले आहे. ज्या रुग्णास दोन वाट्या कढण पचते त्यास महागडा डबा देण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. ग्राहकास काही हवेच असेल तर आपल्याच परंपरेत सक्तू आहे. चरकांनी संतर्पणजन्य विकारांवर व्योषादि द्रव्ये घातलेला सक्तू तेविसाव्या अध्यायात सांगितला आहे. भाजलेले जव, हरभरा व मूग यांचे पीठ, त्यात सुंठ, जिरे व सैंधव, ताजे दळून लहान पाकिटांत ठेवता येते. पाण्यात वा ताकात कालवले की प्रवासी मनुष्याची न्याहारी होते. साखर वा गूळ त्यात घातला तर मात्र सगळे मुसळ केरात.

विक्रीपूर्वी परवान्याची बाजू पाहून घ्यावी. औषधनिर्मितीचा परवाना अन्नपदार्थास चालत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खाली स्वतंत्र नोंदणी वा परवाना लागतो. ‘आयुर्वेद आहार’ म्हणून विकावयाचे असल्यास २०२२ चे विनियम लागू होतात. त्यानुसार कृती नमूद केलेल्या ग्रंथांच्या आधाराची हवी, वेष्टनावर विहित चिन्ह हवे, आणि जीवनसत्त्वे, खनिजे वा अमिनो आम्ले वरून मिसळता येत नाहीत. दोन वर्षांखालील बालकांसाठी असा पदार्थ विकता येत नाही. वेष्टनावर प्रति शंभर ग्रॅम उष्मांक व प्रथिने छापताना ती प्रयोगशाळेतून तपासून घ्यावीत. कोष्टकावरून अंदाजे लिहू नयेत. भाजलेले पीठ पावसाळ्यात लवकर खवट होते, तेव्हा जून ते सप्टेंबर या काळात पंधरा दिवसांत संपेल एवढेच दळावे.